शाळेच्या कपाटात काय उरतं?

समजा, तुमचा विषय ठरलाय: सोनपेठ तालुक्यातल्या शालेय ग्रंथालयांसाठी बालकुमार पुस्तकांची निवड, एक ऐतिहासिक अभ्यास. मार्गदर्शकांनी मान डोलावली, आराखडा मंजूर झाला. तुम्ही पहिल्याच आठवड्यात एका शाळेत जाता. सर चावी शोधतात (ती हमखास दुसऱ्या सरांकडे असते), लोखंडी कपाट करकरत उघडतं आणि समोर पुस्तकांच्या रांगा. तुम्ही वही काढून नावं उतरवायला लागता. थोरांची चरित्रं इतकी, संस्कारकथा इतक्या, सामान्यज्ञान इतकं. संध्याकाळी बस पकडेपर्यंत तक्ता तयार आणि डोक्यात निष्कर्षही तयार: शाळेनं काय निवडलं आणि मुलांनी काय वाचलं, ते सापडलं.

जरा थांबा. मीसुद्धा सुरुवातीला हेच केलं होतं आणि तो तक्ता नंतर फेकून द्यावा लागला.

मी मूळची वनस्पतिशास्त्राची. एम.एस्सी.ला असताना माळावर एक मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकून आतली झाडं मोजायचं काम केलंय. जिथं रोज गुरं चरतात तिथं त्या चौकटीत काय सापडतं? तरोटा, गाजरगवत, ओढ्याच्या कडेला बेशरम. मारवेलसारखं चवीचं गवत जवळपास नाहीच. आता या मोजणीवरून कुणी लिहिलं की इथल्या गुरांना तरोटा फार आवडतो, तर गुराखी पोट धरून हसेल. जे दिसतंय ते न खाल्लेलं आहे. खाल्लेलं दिसणार कसं?

शाळेचं कपाट हे असंच चरून झालेलं रान असतं. जे पुस्तक हातोहात फिरतं त्याचं आधी मुखपृष्ठ जातं, मग पहिली पानं, मग शिवण सुटते आणि एक दिवस ते रद्दीत जातं. ज्याला कुणी हात लावला नाही ते वीस वर्षांनीही कोरं करकरीत. म्हणजे कपाट मोजून तुम्ही मुलांची आवड काढलीत, तर उत्तर नुसतं चुकणार नाही, बरोबर उलटं येईल. आणि ही चूक प्रबंधातच राहत नाही. कपाट भरलेलं बघून शाळाही म्हणते की पुस्तकं भरपूर आहेत, मुलंच वाचत नाहीत. पुढची खरेदी त्याच समजुतीवर होते.

मग निवडीचा इतिहास शोधायचा कुठं? इथं दुसरा खड्डा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांचं दुसरं प्रकरण एकाच साच्यातलं असतं. १८२२ ची मुंबईची शाळापुस्तक मंडळी, सदाशिव काशीनाथ छत्रे, १८२८ साली आलेली त्यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’, १९०६ चं वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ मासिक, १९३५ ची ‘श्यामची आई’. हे सगळं खरं आहे. ‘बाळमित्र’ची तर गंमतच आहे. मूळ पुस्तक बर्क्वाँ या फ्रेंच लेखकाचं, ते इंग्रजीतून मराठीत आलं. म्हणजे पॅरिसमधल्या मुलांनी कसं वागावं यासाठी लिहिलेल्या गोष्टी मुंबई इलाख्यातल्या मुलांसाठी निवडल्या गेल्या. निवडणारा मुलापासून किती लांब बसतो याचा नमुना म्हणून हे उदाहरण मला आवडतं. पण हा इतिहास मुंबई इलाख्याचा आहे. त्या काळात सोनपेठ निजामाच्या राज्यात होतं. पुण्यात छापलेलं पुस्तक इथल्या शाळेत आलं असेल असं गृहीत धरायला आपल्याकडे काय पुरावा आहे?

हैदराबाद संस्थानात खालच्या वर्गांत मराठी चालायची, पण वरचं शिक्षण उर्दूतून होतं. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठानं तर पदवीपर्यंत उर्दू माध्यम नेलं. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागायची आणि ती सहज मिळत नसे. तरीही १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तिथं आणि पुढे सोनपेठपासून फार लांब नसलेल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं. मराठी पुस्तक मुलाच्या हातात देणं हीच तिथं एक भूमिका होती. तेव्हा या काळासाठी ‘कोणतं मराठी पुस्तक निवडलं’ याआधी ‘मराठी पुस्तक निवडायची मुभा कुणाला होती’ हा प्रश्न विचारा.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. संस्थानी कागद उर्दूत असतात आणि तारखा फसली सनाच्या. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं, पण वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्यानं जानेवारीपासून पुढच्या महिन्यांसाठी ५९१ धरावे लागतात. वरिष्ठ पातळीवरचे कागद हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात शोधायचे. स्थानिक कागदांची वाट आणखी वाकडी आहे. सोनपेठ हा स्वतंत्र तालुका अलीकडचा, म्हणून जुन्या पत्रव्यवहारासाठी आधीच्या तालुक्यांचे गठ्ठेही पाहावे लागतात. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याचे आकडे ताडताना त्या वर्षाच्या अलीकडचा परभणी आणि पलीकडचा परभणी एक समजू नका.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे गेल्या. बारा-चौदा वर्षांत शाळेच्या वरचं सरकार इतक्या वेळा बदललं. नव्या वरिष्ठांच्या याद्या नव्या. पण निवड शाळेच्या बाहेर होते, ही गोष्ट टिकून राहिली.

आणि ती चुकतेय हे सरकारला माहीत नव्हतं असंही नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगाचा १९५३ चा अहवाल उघडून ग्रंथालयांवरचा भाग वाचाच. बहुतेक शाळांत नाव घेण्याजोगं ग्रंथालय नाही, पुस्तकं जुनी आणि मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली, सांभाळणारा एखादा कारकून नाहीतर उदासीन शिक्षक, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. पुढं आयोग म्हणतो की निवडीचा आधार शिक्षकाच्या मनातलं ‘मुलांनी हे वाचावं’ हा नको, मुलांची त्या त्या वयातली ओढ हा हवा. साहसकथा, प्रवास, अगदी गुन्हेगारी आणि हेरकथाही त्यांना वाचाव्याशा वाटत असतील तर त्यांच्यावर कविता आणि अभिजात ग्रंथ लादायचं कारण नाही. १९५३ साली, सरकारी अहवालात! मी हे वाचलं तेव्हा दोनदा साल तपासलं.

यानंतर चांगली पुस्तकं आली नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला. बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची, आणि तिथून १४ नोव्हेंबर १९७१ ला ‘किशोर’ मासिक निघालं. (किशोरचे जुने अंक बालभारतीनं संगणकावर मोफत उपलब्ध केलेत. ज्यांना प्रवासाला पैसे नाहीत त्यांनी विषय तिथं शोधावा.) लिहिणारे होते, छापणारे होते. अडचण कपाटाच्या कुलपाची होती.

हे कुलूप समजायला दोन शब्द माहीत हवेत: जडसंग्रह आणि चार्ज. टेबल, घंटा, नकाशा यांच्याप्रमाणे पुस्तकही शाळेच्या मालमत्तेत मोडतं. बदली झाली की गुरुजींना नव्या माणसाकडे चार्ज द्यावा लागतो आणि यादीतलं काही कमी भरलं तर उत्तर त्यांनी द्यायचं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहिमेतून १९८७ पासून प्राथमिक शाळांना साहित्य मिळालं, त्यात पुस्तकंही होती. ठिकठिकाणी ते साहित्य पेटीत कुलूपबंद राहिलं, मोडलं-हरवलं तर काय या भीतीनं. गुरुजींना नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या व्यवस्थेत फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक असं कुणी धरत नाही आणि नुकसान तेवढं मोजलं जातं, तिथं शहाणा माणूस कुलूपच लावणार. अशा वेळी निवडही बदलते. जे मागितलं जाणार नाही ते घेणं सुरक्षित.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय आणि त्यात गोष्टींची पुस्तकं, असं नावानिशी आलं. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या पातळीप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदानाची तरतूद झाली. रक्कम छोटी वाटेल, पण पातळ चित्रपुस्तकं घेतली तर पाच हजारांत बरीच येतात. कोणती घ्यायची, एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर देण्यासाठीच तर तुमचा अभ्यास हवा.

म्हणून आता कपाटाकडे पाठ करा आणि दाखल नोंदवही मागा. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, विक्रेता, बिल क्रमांक, शेवटी शेरा. संशोधक बहुधा शीर्षकाच्या रकान्यावर तुटून पडतात. मी सांगेन, आधी विक्रेत्याचा रकाना वाचा. एकाच बिलात एकाच ठिकाणची ओळीनं पन्नास पुस्तकं दिसली तर ती निवड कुणाची होती याचा अंदाज येतो. मग शेरा वाचा. ‘जीर्ण’, ‘फाटले’, ‘गहाळ’, ‘निर्लेखित’. गुराखी ज्याला चरलेलं म्हणेल ते इथं आहे.

अर्थात शेरा म्हणजे वेदवाक्य नाही. पुस्तक वाळवीनंही जातं, गळक्या छतानंही जातं. एकाच तारखेला एकाच खणातली सगळी गेली असतील तर संशय पावसावर घ्या. वेगवेगळ्या वर्षी, सुटी सुटी, एकाच प्रकारची पुस्तकं जात राहिली तर मुलांवर. देवघेव वही असेल तर ताडून बघा, पण तीही जपून. या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या महिन्यांत एखाद्या मुलीच्या नावापुढे काही नाही, म्हणजे तिला वाचायचं नव्हतं असं नाही. हजेरीपत्रक शेजारी ठेवल्याशिवाय देवघेव वाचू नका.

शेवटी माणसं. मुलाखतीत ‘लहानपणी कोणतं पुस्तक आवडायचं?’ असं विचारू नका. सगळे ‘श्यामची आई’ सांगतात, न वाचलेलेसुद्धा. मी प्रश्न बदलला: शाळेचं कोणतं पुस्तक तुम्ही परत केलं नाही? या तालुक्यातल्या एका गावात हे विचारल्यावर पन्नाशीचे एक काका आधी ओशाळले, मग आत गेले आणि मुखपृष्ठ नसलेलं, पहिली पानं गळालेलं एक पुस्तक घेऊन आले. नाव कळायला मार्ग नव्हता. पण ग्रंथालयात आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारायची पद्धत असते. तो शिक्का होता, त्यात दाखल क्रमांकही. त्यांनी पानं उलटत गोष्ट सांगितली, जवळजवळ पाठ.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन नोंदवहीत तो क्रमांक काढला. भागवतांची एक साहसकथा निघाली. शेऱ्यात लिहिलं होतं: गहाळ, किंमत गुरुजींकडून वसूल. काकांना हे सांगावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.