आकाशातील वीज आणि पाण्यावरील वाट

नांदेड व लातूर हे जिल्हे समुद्रापासून फार दूर; तेथील लोकांना जहाजावरील विजेची कथा कशाला, असे कोणी विचारील. परंतु गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे, मांजरेवर धरण आहे, तेथे मासेमारीच्या होड्या चालतात. आणि मृगाच्या सुमाराची वीज सागर व जलाशय असा भेद मानीत नाही.

लाकडी जहाजांच्या काळी विजेचा पहिला घाव उंच डोलकाठीवर पडे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमली' हे जहाज सागवानी होते. सागवान समुद्राला पुरून उरे. परंतु विजेला वाट देणे लाकडाच्या स्वभावात नाही, म्हणून डोलकाठी चिरफाळून जाई. विल्यम स्नो हॅरिस या इंग्रज संशोधकाने यावर उपाय सुचविला: डोलकाठीत तांब्याच्या पट्ट्या बसवून त्या थेट पाण्यापर्यंत न्याव्या. १८३१ साली डार्विनला घेऊन निघालेल्या 'बीगल' जहाजावर ही योजना होती, आणि पाच वर्षांच्या सफरीत विजेमुळे त्याची हानी झाली नाही.

पुढे लोखंडी जहाजे आली. त्यांचा सांगाडाच विजेची वाट झाला. धातूच्या बंद वेष्टनाच्या आत विजेचा प्रभाव पोहोचत नाही, हे मायकेल फॅरेडेने १८३६ साली प्रयोगाने दाखविले होते. तथापि एक संकट उरलेच. विजेच्या प्रचंड प्रवाहाने लोखंडाचे चुंबकत्व पालटते, आणि होकायंत्र खोटी दिशा दाखवू लागते. म्हणून वीज पडल्यावर ते ताऱ्यांवरून अथवा किनाऱ्यावरील खुणांवरून पडताळावे लागते. आज रेडिओ व रडार यांच्या तारा डोलकाठीवरून आत येतात, तीच विजेची चोरवाट. म्हणून तारेचे धातूचे आवरण आत शिरतानाच सांगाड्याला जोडतात, दाब-रोधक बसवितात, आणि कागदी नकाशा व साधे होकायंत्र हाताशी ठेवतात.

आता आपल्या होडीकडे वळू. पत्र्याची असली तरी ती उघडी आहे. तिला छत नाही, वेष्टन नाही. पाण्याच्या सपाटीवर उभा असलेला नावाडी हीच तिची डोलकाठी! लोखंडाच्या भरवशावर तेथे थांबणे जिवावर बेतेल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाईलवर पूर्वसूचना देते. ते नसेल तर पहिला गडगडाट हीच सूचना समजावी. जाळे पाण्यातच सोडून काठ गाठावा, आणि झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे. जाळे दुसऱ्या दिवशीही काढता येते.