प्रतिदीप्तिमापक, पाण्याखालील

सागरी गवताचे प्रकाशसंश्लेषण पान न तोडता, जागेवरच तपासणारे उपकरण. पाणबुड्या पान काही मिनिटे अंधारात झाकतो, मंद प्रकाशात हरितद्रव्याची प्रतिदीप्ती मोजतो, मग क्षणभर प्रखर झोत टाकून पुन्हा मोजतो. दोहोंतील फरक भागिले कमाल प्रतिदीप्ती हे गुणोत्तर निरोगी पानात साधारण ०.७ ते ०.८ भरते; ताण पडला की घसरते. कारण मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी गढूळपणा, क्षारता, तापमान मोजावेच लागते.  तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतच्या पाल्कच्या उपसागरातले सागरी गवत हे डुगाँग या सागरी सस्तन प्राण्याचे खाद्य. म्हणून अशी मोजणी इथे फार मोलाची. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये या उपसागरात ४४८ चौ. किमी. डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले.