दार, कडी आणि कडा

हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कोजागरीच्या दिवशी दूध घेऊन ती रायगडावर गेली आणि सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले. खाली घरी तान्हे मूल. पहारेकरी काही ऐकेनात. तेव्हा ती काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचे कौतुक केले, आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला, असे आख्यायिका सांगते. या कथेत आपण आईची माया पाहतो, ते योग्यच. पण बुरूज बांधणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती. दार बंद असले म्हणजे गड बंद असतोच असे नाही.

संगणकाच्या जगाला हा धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला. अमेरिकेत एम.आय.टी. येथे फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ साली एकच यंत्र अनेकांनी वापरण्याची पद्धत करून दाखवली. ज्याचे कागद त्याच्यापाशी राहावेत म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला गेला. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधकाला यंत्रावर अधिक वेळ हवा होता. त्याने परवलीच्या शब्दांची सबंध यादीच छापून देण्याची विनंती यंत्राला केली, आणि यंत्राने ती आज्ञाधारकपणे छापून दिली! १९६६ साली तर दोन फायलींची अदलाबदल होऊन रोजच्या सूचनेच्या जागी सर्वांना तीच यादी दिसली.

पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली. तिचा जन्मच मुळी ज्ञान वाटण्यासाठी झाला. वेब सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान काढून देणारा संगणक. मग घरातली पाने आणि ओसरीवरची पाने वेगळी कशी ठेवायची? त्यासाठी सर्व्हरला दोन उत्तरे शिकवली गेली. ४०१, म्हणजे ‘आपण कोण, ते आधी सांगा’. आणि ४०३, म्हणजे ‘येथे प्रवेश नाही’. मौज अशी की, ओळख पटवण्याच्या पहिल्या साध्या रीतीत परवलीचा शब्द लपवला जात नसे, नुसता वेगळ्या अक्षरांत मांडला जाई. मोडी जाणणाऱ्याच्या हाती मोडीतले पत्र द्यावे, त्यातलाच हा प्रकार. वाटेतल्या संदेशालाच कुलूप घालण्याची विद्या आली, तेव्हा कुठे ही रीत विसंबण्याजोगी झाली.

१९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी आणखी एक तोडगा सुचवला. वेबवर फिरून पाने गोळा करणाऱ्या यंत्रांसाठी दाराशी एक पाटी लावावी आणि कोणत्या दालनात येऊ नये ते तीवर लिहावे. सज्जन यंत्रे ती मानतात. पण पाटी म्हणजे कुलूप नव्हे. उलट दागिने कोणत्या खोलीत आहेत, ते चोराला तीच सांगते. २०२२ साली या पाटीचे नियम अधिकृतपणे नोंदले गेले, तेव्हा हा प्रवेशाचा बंदोबस्त नव्हे, असे त्यांत स्पष्ट लिहावे लागले.

तरीही कडे उघडे राहतातच. २०१९ साली अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन या विमा कंपनीची सुमारे साडेअठ्ठ्याऐंशी कोटी कागदपत्रे उघड्यावर असल्याचे आढळले. कुलूप फोडावे लागलेच नाही. पानाच्या पत्त्यातला एक आकडा बदलला की शेजाऱ्याचा कागद समोर येई. लोकांचे बँक-खाते क्रमांकही त्यांत होते.

मी पेशाने शिक्षक. एका शाळेने मुलांचे गुण असेच पत्त्याच्या भरवशावर ठेवलेले मी पाहिले आहेत. नापास झालेल्या मुलाचे गुण आईबापांच्या आधी गल्लीने वाचले. ते पोर चार दिवस घराबाहेर पडले नाही.

दिवाळीत आपण दार सताड उघडे ठेवतो, ओसरीवर पणत्या लावतो, येईल त्याला फराळ देतो. पण माजघरातली पेटी कोणी ओसरीवर आणून ठेवत नाही. वेबचेही तसेच असावे. जे वाटायचे ते मुक्त हस्ताने वाटावे. जे दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिले, त्याला खरी कडी लावावी. आणि कडी लावून झाल्यावर दिवा घेऊन एकदा कड्याच्या बाजूलाही फेरी मारून यावे.