निळा दिवा आणि प्रवाळ

पेठ तालुक्यात पडणारा पाऊस सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा. त्यातला बराचसा ओहोळांतून दमणगंगेला मिळतो आणि दमणजवळ अरबी समुद्रात जातो. समुद्र इथून फार लांब नाही, तरी आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नव्हता. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहताना एका मुलीने विचारले, "टाकीतला दिवा निळा का?" "शोभेसाठी," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे शोधताना हाती आलेला इतिहास इथे देत आहोत.

हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. माशांच्या टाकीतला दिवा मुख्यतः पाहणाऱ्यांसाठी असतो. मासा मंद उजेडातही जगतो. प्रवाळाचे तसे नाही. प्रवाळ हा प्राणी असला तरी उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते. १८८१ साली ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञाने या पिवळसर पेशींना 'झूझँथेला' हे नाव दिले. १९२८-२९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ यंग यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर राहिली. तिथे प्रवाळ अंधाऱ्या पेटीत कोंडून पाहिले, तेव्हा त्यांच्यातले शैवाल नाहीसे झाले. तरीही यंग यांचे मत असे, की प्रवाळ मांसाहारी आहे आणि शैवालापासून त्याला अन्न मिळत नाही. इतका काळजीपूर्वक केलेला प्रयोग आणि निष्कर्ष मात्र चुकलेला! १९५८ साली मस्कटीन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून प्रवाळाच्याच नात्यातल्या समुद्रफुलात दाखवले, की शैवालाने प्रकाशाच्या मदतीने बांधलेला कार्बन प्राण्याच्या शरीरात जातो. पुढे प्रवाळातही हेच आढळले. म्हणजे टाकीवरचा दिवा हे प्रवाळाचे ताटच म्हणायचे.

हौशी लोकांनी हे आपल्या परीने ओळखले होते. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ च्या सुमारास टाकीत समुद्रातले जिवंत खडक आणि प्रवाळ ठेवून त्यांवर सूर्यप्रकाश पडू दिला. जाकार्तात ऊन फुकट. बर्लिनमध्ये ते कुठले? तिथल्या हौशी मंडळींनी १९८० च्या दशकात मेटल हॅलाइडचे दिवे लावले. दोनशे-चारशे वॅटचे हे दिवे प्रकाश भरपूर देत, पण टाकीही तापवत. पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद-दोन अंशांनी वाढून आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. म्हणून दिवा घ्यायचा आणि पाणी गार करायचे यंत्रही घ्यायचे, असा दुहेरी खर्च.

यातून सुटका करणारा दिवा भलत्याच शोधातून आला. होलोन्याक यांचा लाल एलईडी १९६२ चा. निळ्यासाठी आणखी तीस वर्षे गेली, कारण गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिकच वाढेनात. नागोया येथे आकासाकी आणि अमानो यांनी १९८६ साली चांगले स्फटिक मिळवले, १९८९ मध्ये त्यातला हवा तसा अर्धवाहक तयार केला आणि १९९३ साली निचिया कंपनीत नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी जाहीर केला. तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. यांपैकी कोणाच्याही मनात प्रवाळ असण्याचे कारण नव्हते! पण पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच शोषून टाकते, निळा खोलवर जातो. आणि प्रवाळातले शैवाल वापरते तो मुख्यतः हाच निळा. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा एलईडी त्याला अचूक लागू पडला. हौशी मंडळींनी सुटे एलईडी आणून स्वतःच दिवे जोडायला सुरुवात केली.

असा दिवा आम्हीही मुलांबरोबर केला. एक वॅटच्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट आणि ३५० मिलिअँपिअर लागतात. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर तीन एलईडी एकसर जोडले, की ९.६ व्होल्ट खर्ची पडतात. उरलेल्या २.४ व्होल्टसाठी ओहमच्या नियमाने सुमारे ६.८ ओहमचा रोध लागतो. तो एक वॅटच्या जवळपास तापतो, म्हणून दोन वॅटचा घ्यावा. पहिल्या खेपेला आम्ही एलईडी नुसते पुठ्ठ्यावर चिकटवले आणि दहा मिनिटांत एक गेला. एलईडी तापला की त्याला लागणारा दाब घटतो, त्यामुळे प्रवाह वाढतो आणि तो आणखी तापतो. ॲल्युमिनियमची जाड पट्टी पाठीशी बसवल्यावर दिवा टिकला. पाण्याजवळ घरगुती २३० व्होल्टची वायर मात्र येऊ देऊ नये. अडॅप्टर टाकीपासून लांब, उंचावर ठेवावा.

प्रवाळ आम्ही आणला नाही, आणू शकतही नव्हतो. २००१ साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. ते समुद्रातून काढणे, बाळगणे हा गुन्हा आहे. हा कायदा आम्हाला योग्यच वाटतो. मालवणच्या किनाऱ्याजवळ आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर आपले प्रवाळ आहेत, आणि तापणाऱ्या समुद्राला गार करणारे यंत्र कुठे विकत मिळत नाही.

आम्ही दिव्याखाली ठेवली हायड्रिला. पाठ्यपुस्तकातलाच प्रयोग, फक्त निळे, लाल आणि हिरवे एलईडी आळीपाळीने लावून मिनिटाला येणारे बुडबुडे मोजायचे. दिव्याचे अंतर सारखे ठेवावे. तिन्ही रंगांची तीव्रता सारखी नसते, हे मुलांच्या लक्षात यायला दोन तास लागले आणि मग सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. हिरव्यात बुडबुडे कमी, लाल आणि निळ्यात भरपूर. मत्स्यालयात प्रश्न विचारणारी तीच मुलगी म्हणाली, "मग टाकीला लाल दिवाही चालला असता की!" आम्ही फळ्यावर समुद्र काढला, त्यात दहा मीटरची रेघ मारली आणि तिथपर्यंत लाल किती पोचतो ते तिलाच शोधायला सांगितले.