तटाच्या आतले वैभव

वसईच्या किल्ल्यातून हिंडताना आपले मन अभिमानाने भरून येते. संत जोसेफचे देऊळ, फ्रान्सिस्कनांचा मठ, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन यांची देवस्थाने, इतकी सारी प्रार्थनामंदिरे एका तटाच्या आत उभी होती, हे आपण मुलाबाळांना कौतुकाने सांगतो. परंतु याच पडक्या भिंती आणखीही एक गोष्ट सांगतात, आणि ती ऐकायला आपण सहसा थांबत नाही.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली तह करून वसई व भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला. पुढे वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे बनले. राजसेवेचे बक्षीस म्हणून उमरावांना गावेच्या गावे मिळाली. शेतसारा, इमारती लाकूड, घडीव दगड आणि जहाजबांधणी यांतून संपत्तीचा ओघ सुरू झाला. तटाच्या आत उमरावांचे वाडे होते, पदरी गुलाम होते. शेतात राबणारे आपले पूर्वज मात्र तटाबाहेर राहत होते.

देवाचे नाव त्या नगरीत कोणी टाकले नव्हते. घंटा वाजत होत्या, मिरवणुका निघत होत्या. तरीही देवाचा विसर पडला होता, कारण त्याच्या नावाचा उपयोग सत्तेसाठी होऊ लागला होता. अन्य धर्मीय शेजाऱ्यांची मंदिरे पाडण्यात आली, त्यांच्या सणसमारंभांवर बंधने आली. शेजाऱ्यावर प्रीती करा, ही प्रभूची आज्ञा देवळात वाचली जाई आणि देवळाबाहेर मोडली जाई. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखे लोक पेशव्यांकडे गेले, ते हा जाच असह्य झाल्यामुळेच.

वैभवाने पराक्रमही पोखरला. १६७४ मध्ये मस्कतच्या सुमारे सहाशे अरबांनी उतरून तटाबाहेरची देवळे लुटली, तेव्हा शिबंदी भयभीत होऊन तटाआड बसून राहिली. अखेर १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी नेलेल्या देवळांच्या घंटा आज मेणवली, भीमाशंकर आदी ठिकाणी आहेत.

याच वसईत १५५६ च्या सुमारास संत गोन्सालो गार्सिया जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानमध्ये त्यांनी व्यापारात चांगला जम बसवला होता. तो सारा उद्योग सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राणार्पण केले. तटाच्या आतील कित्येक धनिकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. ज्याने धन सोडले, त्याला मात्र १८६२ साली ख्रिस्तसभेने संतपद दिले.

उमराव गेले, राजाश्रय गेला, तरी तटाबाहेरच्या रमेदी, सांडोर, पापडी, नंदाखाल या गावांत श्रद्धा टिकली. ती टिकवणाऱ्यांजवळ ना सत्ता होती, ना तोफा. केळी व पानवेलींच्या वाड्या शिंपणाऱ्या बायाबापड्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेतून ती पुढच्या पिढीच्या हाती दिली. आपण उमरावांचे नव्हे, या माणसांचे वारस आहोत.

म्हणूनच आज आपल्याला सावध राहिले पाहिजे. वाडीच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. बंगले उठले, मुले परदेशी गेली, संस्थांत व राजकारणात आपली माणसे दिसू लागली. यात वाईट काहीच नाही. परंतु जमिनीच्या वाटणीसाठी भाऊ भावाशी बोलेनासा होतो, सणाचा खर्च वाढत असताना दारच्या मजुराची मजुरी थकते, जेवणाआधीची प्रार्थना दूरदर्शनच्या आवाजात हरवते, तेव्हा आपल्या घराभोवतीही तसाच एक तट उभा राहू लागला आहे, असे समजावे. तुम्ही पोटभर जेवाल, चांगली घरे बांधाल, तेव्हा परमेश्वराला विसराल, असा इशारा मोशेने इस्राएल लोकांना वचनदत्त देशाच्या उंबरठ्यावरच दिला होता. वाळवंटात उपाशी असताना हा धोका तेवढा मोठा नव्हता.

यापुढे मुलांना घेऊन किल्ल्यात जाल, तेव्हा देवळांच्या उंचीबरोबर त्यांना हेही सांगा. आणि परतताना ज्याच्याशी अबोला धरला आहे, त्या भावाच्या दारी क्षणभर थांबा.