ओमानच्या सुलतानाची माफी आणि तिच्या मर्यादा

ओमानमध्ये राष्ट्राध्यक्ष हे पद नाही. न्यायालयाने दिलेली शिक्षा माफ करण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार तिथे सुलतानाकडे आहे. हा अधिकार परंपरेने चालत आलेला असला तरी राज्यघटनेत तो आला ६ नोव्हेंबर १९९६ रोजी. त्या दिवशी सुलतान काबूस बिन सईद यांनी राजाज्ञा काढून ‘राज्याचा मूलभूत कायदा’ जाहीर केला. त्याच्या ४२व्या कलमात सुलतानाच्या अधिकारांची यादी होती. शिक्षामाफी हा त्यातलाच एक अधिकार, आणि त्याला कोणाचा सल्ला घेण्याची अट नव्हती, कोणत्याही गुन्ह्याचा अपवाद नव्हता. माफीला मर्यादा मुळीच नाहीत असे नाही. पण त्या घटनेच्या कलमात न सापडता धर्मशास्त्रात, खाजगी हक्कांत आणि देशाच्या राजकीय इतिहासात सापडतात.

पहिली मर्यादा सर्वांत जुनी आहे. इस्लामी कायद्यात खून हा आधी मृताच्या वारसांवरचा अन्याय मानला जातो आणि मग राज्याविरुद्धचा गुन्हा. मारेकऱ्याच्या जिवाच्या बदल्यात जीव मागायचा, ‘दिया’ म्हणजे खुनाची भरपाई घ्यायची, की काहीही न घेता त्याला क्षमा करायची, हा निर्णय वारसांचा. ओमानच्या अंतर्भागात शतकानुशतके इबादी पंथाचे निवडून आलेले इमाम राज्य करत आणि काजी याच तत्त्वावर निवाडे देत. पुढे फौजदारी कायदे संहितेच्या रूपात आले, तरी हे तत्त्व टिकले. आजही मृत्युदंडाची शिक्षा सुलतानाच्या मंजुरीशिवाय अमलात येत नाही, आणि वारसांनी माफ केले तर मारेकऱ्याचा जीव वाचू शकतो. म्हणजे खुनाच्या खटल्यात क्षमेचे दार दोन ठिकाणी आहे, राजवाड्यात आणि मृताच्या घरात.

दुसरी मर्यादा भूगोलाची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मस्कतच्या सुलतानाची सत्ता मुख्यतः किनाऱ्यापुरती उरली होती, तर निझवा आणि आसपासच्या डोंगराळ मुलखात इमामाचा अंमल होता. दोन्ही पक्षांत २५ सप्टेंबर १९२० रोजी सीब इथे करार झाला. ब्रिटिश राजकीय प्रतिनिधी रोनाल्ड विंगेट यांनी त्यात मध्यस्थी केली. अंतर्भागातून पळून आलेल्या गुन्हेगाराला सुलतानाने आसरा द्यायचा नाही, मागणी आल्यास त्याला परत करायचे आणि तिथल्या अंतर्गत कारभारात हात घालायचा नाही, असे त्यात ठरले. इमामाच्या न्यायापासून सुटायला मस्कतचा आश्रय उपयोगी पडणार नाही, हे या करारामुळे लेखी ठरले. सुलतान सईद बिन तैमूर यांच्या फौजेने १९५५ साली निझवा घेतले आणि १९५९ पर्यंत जबल अखदरचा उठाव मोडून काढला. त्यानंतरच संपूर्ण देशावर एकाच राजाचा न्याय, आणि अर्थातच एकाच राजाची क्षमा, लागू झाली.

आधुनिक ओमानमधली सर्वांत परिणामकारक माफी मात्र तुरुंगातल्या कैद्यांसाठी नव्हती. ती लढणाऱ्या बंडखोरांसाठी होती. २३ जुलै १९७० रोजी काबूस यांनी वडिलांना पदच्युत करून गादी घेतली. तेव्हा दक्षिणेकडच्या धोफारमध्ये १९६५ पासून बंड पेटलेले होते आणि त्याचे नेतृत्व डाव्या विचारांच्या आघाडीकडे गेले होते. काबूस यांनी शरण येणाऱ्यांना सरसकट माफी जाहीर केली. आघाडीच्या नास्तिक आणि कठोर धोरणाला कंटाळलेले अनेक डोंगरी लोक हळूहळू खाली उतरू लागले. हत्यार घेऊन येणाऱ्याला त्याची किंमत मिळत असे. शरण आलेल्यांतून ‘फिरकत’ नावाच्या स्थानिक तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांतली पहिली सलीम मुबारक या माजी बंडखोराच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि तिने फेब्रुवारी १९७१ मध्ये किनाऱ्यावरचे सध ताब्यात घेण्यात भाग घेतला. काल सरकारवर गोळ्या झाडणारा माणूस आज सरकारच्या बाजूने, आपल्याच ओळखीच्या वाटांवर, लढत होता. युद्ध डिसेंबर १९७५ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. तरुणपणी धोफारच्या चळवळीत असलेले युसुफ बिन अलवी पुढे २०२० पर्यंत ओमानचे परराष्ट्र व्यवहार सांभाळत होते.

या अनुभवातून एक रीत पडली. विरोधकांना अटक व्हायची, खटला चालायचा, कडक शिक्षा व्हायची आणि काही काळाने सुलतान ती माफ करायचे. कट केल्याच्या आरोपावरून १९९४ साली पकडलेल्या इस्लामवाद्यांना १९९५च्या नोव्हेंबरात माफी मिळाली. मे २००५ मध्ये राज्य सुरक्षा न्यायालयाने दोषी ठरवलेले ३१ जण पुढच्याच महिन्यात सुटले. २०११च्या आंदोलनांनंतर सुलतानाचा अवमान आणि बेकायदा जमाव या आरोपांखाली शिक्षा झालेल्यांना मार्च २०१३ मध्ये मोकळे करण्यात आले. अशा माफीने माणूस घरी येतो, पण त्याला शिक्षा देणारा कायदा जागच्या जागी राहतो. शिक्षा करणे आणि ती सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच सत्तेच्या हाती असतात.

दरवर्षीची माफी यापेक्षा वेगळी आहे. ती ईद, राष्ट्रीय दिन (२०२४ पर्यंत तो १८ नोव्हेंबरला असे) आणि सुलतानाच्या राज्यारोहणाचा दिवस अशा प्रसंगी जाहीर होते. सुलतान हैथम बिन तारिक यांनी जानेवारी २०२० मध्ये गादीवर आल्यावर ही प्रथा चालू ठेवली. २०२०च्या राष्ट्रीय दिनी ३९० कैदी सुटले आणि त्यांत १५० परदेशी होते. जानेवारी २०२५ मध्ये ३०५ जणांना माफी मिळाली. हैथम यांनी ११ जानेवारी २०२१ रोजी नवा मूलभूत कायदा आणला आणि त्यातही हा अधिकार सुलतानाकडेच ठेवला.

या माफीची तिसरी मर्यादा पैशाच्या व्यवहारात दिसते. सुलतान राज्याने दिलेली शिक्षा सोडू शकतो. दुसऱ्याचे देणे मात्र त्याच्या माफीने फिटत नाही. कर्ज, घरभाडे किंवा पोटगी थकल्यामुळे तुरुंगात गेलेल्या माणसाची सुटका धनकोचे पैसे चुकते झाल्यावरच होते. म्हणूनच ओमानी वकील संघटनेने २०१२ मध्ये ‘फक् कुर्बा’ हा उपक्रम सुरू केला. रमझानच्या सुमारास देणग्या गोळा करून अशा कैद्यांची देणी भागवली जातात. कागदपत्रांची मुदत संपूनही देशात राहिलेल्या परदेशी कामगारांना मिळणारी सवलत हा आणखी वेगळा प्रकार. नोव्हेंबर २०२० मध्ये ओमानच्या कामगार मंत्रालयाने अशांना दंड न भरता मायदेशी जाऊ दिले आणि ही मुदत पुढे वाढवली. ओमानमधल्या परदेशी कामगारांत भारतीयांची संख्या मोठी असल्याने भारतातल्या कुटुंबांसाठी ती महत्त्वाची होती. ती कामगार खात्याची प्रशासकीय सवलत होती, गुन्ह्याची क्षमा नव्हती.

इतर देशांशी तुलना केली की ओमानचे वेगळेपण स्पष्ट होते. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष फक्त संघराज्याच्या कायद्याखालचे गुन्हे माफ करू शकतो, आणि महाभियोगावर त्याची माफी चालत नाही. भारतात ७२व्या कलमाखालचा राष्ट्रपतींचा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली मारू राम खटल्यात स्पष्ट केले. २००६च्या एपुरू सुधाकर खटल्यात राज्यपालांनी दिलेली माफी रद्द झाली, कारण निर्णयात अप्रस्तुत गोष्टी विचारात घेतल्या होत्या. ओमानच्या घटनेत सल्ल्याचे असे बंधन नाही आणि ती घटनाही सुलतानाच्या आज्ञेनेच अस्तित्वात आली. १९९६च्या कायद्यानुसार तिच्यात बदल करायचा तर तोही त्याच मार्गाने करावा लागे. त्यामुळे तिथे माफीला बांध घालतात ते मृताचे वारस आणि धनको. त्यांचे हक्क राजसत्तेने दिलेले नाहीत, म्हणून राजसत्तेला ते परस्पर सोडूनही देता येत नाहीत.