वाढत्या अंगाची वास्तू
(औरंगाबादच्या विद्यालय-रुग्णालयांच्या उभारणीचा मागोवा)

लहान मुलाचे कपडे शिवताना घरातील वडीलधारी मंडळी शिंप्याला आवर्जून सांगत, "वाढत्या अंगाचे शिवा." शिंपीही शिवणीत चार बोटे 'माया' सोडत असे. वर्ष-दोन वर्षांनी शिवण उसवली, की तोच सदरा पुन्हा अंगाला नीट बसे. शाळा, महाविद्यालय आणि रुग्णालय यांच्या वास्तूंनाही हाच न्याय लागू आहे. आज पुरेल एवढीच वास्तू बांधणाऱ्याला उद्या भिंती पाडाव्या लागतात. उद्याचा विचार करून जागा राखणाऱ्याच्या संस्थेला मात्र वाढीची भीती राहत नाही. औरंगाबाद म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. या नगरीचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

नियोजनाची परंपरा या भूमीला नवी नाही. आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे कोरताना शिल्पींनी शिखरापासून पायाकडे काम केले. एकदा फोडलेला दगड पुन्हा जोडता येत नाही, म्हणून पहिला घाव घालण्यापूर्वीच संपूर्ण मंदिर त्यांच्या मनात तयार असले पाहिजे. तेथील इंद्रसभेसारखी जैन लेणीही त्याच कातळातून साकारली. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि डोंगरातील पाणी नहरीने शहरात आणले. नगर वाढणार तर पाणी आधी हवे, हे त्याने ओळखले होते. पाणचक्की आजही त्या जलविद्येची साक्ष देत उभी आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र मराठवाडा शिक्षणात फार मागे पडला. निजामी राजवटीत १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले. औरंगाबादेत १९२३ साली आले ते इंटरमिजिएटपर्यंतचे महाविद्यालय. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलाला ते परवडणारे नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, पण मुक्त झालेल्या प्रदेशातील मुलांनी शिकावे कोठे, हा प्रश्न उभाच होता.

त्याचे ठोस उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याच संस्थेचे औरंगाबादचे महाविद्यालय जून १९५० मध्ये उघडले. आरंभीचे वर्ग छावणीतील बराकींत भरत. अध्यापनासाठी वास्तूची वाट पाहिली नाही, परंतु वास्तूचा विचारही लांबणीवर टाकला नाही. छावणीलगत विस्तीर्ण जमीन मिळवण्यात आली आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. बाबासाहेब बांधकामात जातीने लक्ष घालत. महाविद्यालयास 'मिलिंद' आणि परिसरास 'नागसेनवन' ही नावे मिळाली. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव विद्यालयाला लाभले, आणि उत्तरे देणाऱ्याचे नाव वृक्षराजीने वेढलेल्या परिसराला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे केवळ वर्गखोल्यांचा विचार झाला नाही. खेड्यातून येणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला डोक्यावर छप्पर नसेल, तर वर्गाचे दार उघडे असूनही उपयोग नाही. म्हणून वसतिगृहे या योजनेचा भाग ठरली. पुढे त्याच परिसरात कला, विज्ञान, वाणिज्य आणि विधी या शाखांची महाविद्यालये उभी राहिली. त्यांना जागेसाठी दारोदार फिरावे लागले नाही, कारण ती आधीच राखलेली होती.

हीच दूरदृष्टी विद्यापीठाच्या बाबतीत दिसते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. शहराच्या गर्दीपासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी, सोनेरी महालाच्या सान्निध्यात त्याचे आवार वसले. एकेक विभाग, ग्रंथालय, वसतिगृहे यांची भर पडत गेली, तरी मूळ स्थान सोडण्याची वेळ आली नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि २००४ मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे उपपरिसर सुरू झाला.

आरोग्यसेवेचा प्रवास अधिक खडतर आहे. १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याचे रुग्णालय जनमानसात 'घाटी' याच नावाने रूढ आहे. मराठवाड्याबरोबरच जळगाव, बुलढाणा, नगर भागातील रुग्णही येथे येतात. मंजूर खाटा ११७७. प्रत्यक्ष रुग्ण कित्येकदा त्याहून अधिक. रुग्णालयाची वाढ शाळेच्या वाढीसारखी सरळ नसते. शाळेला एक मजला चढवला की काम भागते. रुग्णालयात अपघात विभाग, शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी आणि क्ष-किरण विभाग यांतील अंतर मोजावे लागते, कारण त्या अंतरावर रुग्णाचा जीव टांगलेला असतो.

काही वास्तू तर यंत्रानुसारच बांधाव्या लागतात. २०१२ मध्ये आमखास मैदानालगत शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. किरणोपचाराच्या यंत्रासाठी जाड काँक्रीटच्या भिंतींची स्वतंत्र खोली लागते. साध्या खोलीत ते बसवता येत नाही. घाटीच्या आवारात केंद्र व राज्य यांच्या १५० कोटींच्या योजनेतून सुपर स्पेशालिटीची इमारत उभी राहिली. २०२० च्या कोरोनाकाळात ती कोविड रुग्णांच्या कामी आली. बांधताना ज्या संकटाचे नावही ठाऊक नव्हते, त्या संकटात तिचा आधार मिळाला.

या इतिहासातून विश्वस्त मंडळांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. प्रथम संपूर्ण आवाराचा आराखडा हवा, मग टप्प्याटप्प्याने बांधकाम. पुढील मजल्यांचा भार पेलेल असा पाया, स्ट्रेचर वळेल एवढी रुंद दारे, जिन्याबरोबर रॅम्प, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट आणि उद्याच्या यंत्रांना पुरेल अशी वीज यांची सोय आरंभीच झाली पाहिजे. पाण्याचा विचार तर मलिक अंबराइतकाच अगोदर व्हावा. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले, हे मराठवाड्यातील कोणत्याही संस्थेने विसरू नये.

आणखी एक कटू सत्य आहे. कोनशिलेला दाता मिळतो; गटाराला, गच्चीच्या गळतीला, लिफ्टच्या दुरुस्तीला मिळत नाही. नामफलक झळकतो आणि त्याच्याच मागची भिंत ओल धरते. म्हणून बांधकाम निधीबरोबर देखभाल निधीही उभा राहिला पाहिजे. त्यावर नाव कोरले जाणार नाही. पण वास्तू टिकते ती अशाच निनावी दानावर.

सुवर्णमहोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याचा दिवस, तसाच पुढील पन्नास वर्षांचे माप घेण्याचाही. छावणीच्या बराकीत बसलेल्या पहिल्या तुकडीतील मुलांसाठी जमीन राखली गेली, तिच्यावर आज त्यांची नातवंडे शिकत आहेत. शिवणीत सोडलेली माया बाहेरून कोणाला दिसत नाही. अंग वाढते, तेव्हाच ती कामी येते.